लासिकनंतर ११ वर्षांनी बुबुळात बुरशी: माझा अनुभव, थोडा सविस्तर

कवडसा:

गेले चार महिने इथे फक्त वाचत होते, तेही एका डोळ्याने. आता बसून लिहिण्याइतकी बरी आहे, म्हणून हा धागा काढतेय. इथे लासिक करून घेतलेले बरेच जण आहेत. "करावं का?" असे धागेही दर महिन्याला येतात. मी कुणाला करा किंवा करू नका असं सांगणार नाही. माझं म्हणणं ज्यांनी आधीच केलंय त्यांच्यासाठी आहे, वर्षं कितीही उलटून गेलेली असोत.

माझी लासिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया, ११ वर्षांपूर्वी झाली. दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच नंबर होता, चष्मा सुटला. एवढं छान झालं की हळूहळू आपल्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झालीय हेच विसरले. कुठल्याही दवाखान्यात "आधी काही ऑपरेशन?" असं विचारलं की मी "नाही" म्हणायचे. लासिकला मी ऑपरेशन मानतच नव्हते.

चार महिन्यांपूर्वी वाळलेला वेल छाटत होते. एक काटकी सटकन उसळली आणि पानाचं टोक डाव्या डोळ्याला घासून गेलं. पाण्याने डोळा धुतला. दोन दिवस नुसती कचकच, कुसळ गेल्यासारखी. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. घरात बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळची थेंबांची बाटली उरली होती, तीच घालायला लागले. दुसऱ्या दिवशी लाली उतरली आणि मला वाटलं, झालं बरं. त्या बाटलीत अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइडही होतं. मी ते सहा दिवस घातलं.

सातव्या दिवशी सकाळी आरशात बुबुळावर पांढुरका ठिपका दिसला. मोहरीपेक्षा लहान. दुखणं म्हणाल तर फारसं नव्हतंच, उजेड मात्र सहन होईना.

पहिल्या डॉक्टरांना मी लासिकचं सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. अँटिबायोटिकचे थेंब मिळाले. पाच दिवसांत ठिपका दुप्पट झाला. मग कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पडद्याच्या, तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी स्लिट लॅम्पमधून (डोळा तपासायचा सूक्ष्मदर्शक) जेमतेम अर्धा मिनिट पाहिलं असेल, आणि म्हणाले, "लासिक कधी झाली?" बुबुळाच्या कडेने जाणारी बारीक गोल रेघ त्यांना दिसली होती. आणि तो पांढरा डाग बुबुळाच्या वर नव्हता, फ्लॅपच्या, म्हणजे लासिकमध्ये कापून परत बसवलेल्या पातळ थराच्या, खाली होता.

वरवर खरवडून घेतलेल्या नमुन्यात काहीच सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्लॅप उचलला. ११ वर्षं जुना फ्लॅप! तो उचलता येतो हेच मला पटत नव्हतं. खालून नमुना घेतला, संध्याकाळी फोन आला की बुरशीचे धागे दिसलेत. पुढे कल्चरमध्ये, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर, फ्युजॅरियम नावाची बुरशी निघाली.

दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. फ्लॅपखालची जागा औषधाने दोनदा धुतली, बुबुळाच्या जाडीत औषधाची इंजेक्शनं दिली. तिसऱ्या आठवड्यात फ्लॅप विरघळायला लागला म्हणून तो काढूनच टाकला. दहा आठवड्यांनी बुरशी गेली असं सांगितलं. डोळा वाचला, पण मधोमध फूल पडलंय. चष्मा लावून त्या डोळ्याने ६/२४ दिसतं, म्हणजे चांगल्या डोळ्याला २४ मीटरवरून दिसतं ते मला सहा मीटरवरून.

प्रश्न विचारा. मला जमेल तसं सांगेन.

पाणकणीस:

कवडसाताई, वाचून हात गार पडले. माझी लासिक होऊन सात वर्षं झाली. मला स्पष्ट आठवतं, तेव्हा सांगितलं होतं की "एका दिवसात फ्लॅप चिकटतो". तो जर चिकटलेला असतो तर ११ वर्षांनी उचलला कसा?

शुक्रतारा:

मी नेत्रतज्ज्ञ आहे, कॉर्नियाचंच काम करते. कवडसाताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

पाणकणीस, तुमचा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मधोमध साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. लासिकमध्ये त्यातला वरचा १०० ते १६० मायक्रॉनचा थर गोल कापून बिजागरीसारखा एका बाजूला उलटवतात. खालच्या थरावर १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर चालवून आकार बदलतात आणि झाकण परत जागेवर बसवतात. टाके नसतात.

"एका दिवसात चिकटतो" हे खरं आहे, पण चिकटतं काय ते पाहा. सर्वांत वरची पेशींची कातडी, एपिथेलियम, एक-दोन दिवसांत कडेवरून वाढून फट बुजवते. पुढच्या महिन्यांत कडेला पातळ व्रण तयार होतो आणि तीच ती गोल रेघ. आतल्या दोन थरांमध्ये मात्र मूळचे तंतू पुन्हा एकमेकांत विणले जात नाहीत. कॉर्नियाला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तो पारदर्शक राहतो, आणि म्हणूनच तो त्वचेसारखा भरूनही येत नाही. ती मधली जागा आयुष्यभर मिटलेल्या पाकिटासारखी राहते. नंबर परत आला तर काही वर्षांनी तोच फ्लॅप उचलून दुरुस्ती करता येते ती याचमुळे. जोराचा मार लागून अनेक वर्षांनी फ्लॅप सरकल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आता त्या पाकिटात जंतू शिरला तर? एरवी बुबुळावरची जखम उघडी असते, थेंब थेट तिच्यावर पडतात. इथे जंतू आत आणि औषध बाहेर. शरीराच्या रक्षक पेशींनाही तिथे पोचायला वेळ लागतो. शिवाय फ्लॅप कापताना वरच्या नसा कापल्या जातात. त्या बऱ्याच अंशी परत वाढतात, पण काहींच्या बुबुळाची संवेदना कमीच राहते. कवडसाताईंना फारसं दुखलं नाही, त्यामागे हेही असू शकेल, आणि स्टिरॉइडचा वाटा तर नक्कीच आहे.

पाणकणीस, घाबरू नका. वरची कातडी शाबूत असेल तर बुरशी आत शिरत नाही. आधी ओरखडा लागतो, मग ती शिरते.

डोंगरवाट:

माझी लासिक १४ वर्षांपूर्वीची, आजतागायत काही त्रास नाही. अनुभवाबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण अशा धाग्यांनी लोक उगाच धास्तावतात असं मला वाटतं. जगात कोट्यवधी लोकांनी ही शस्त्रक्रिया करून घेतलीय. कॉन्टॅक्ट लेन्सनेही संसर्ग होतोच की.

कवडसा:

डोंगरवाट, तुमचं बरोबर आहे, हे दुर्मिळच आहे. मलाही डॉक्टरांनी तेच सांगितलं. मी इथे शस्त्रक्रियेबद्दल तक्रार करत नाहीये, त्या सर्जनचं काम चोख होतं. माझं दुःख वेगळं आहे. ओरखडा लागल्यापासून योग्य औषध सुरू होईपर्यंत तेरा दिवस गेले. त्यातले सहा माझ्या हाताने गेले, त्या उरलेल्या बाटलीमुळे. "ऑपरेशन नाही" या माझ्या उत्तराने आणखी पाच घालवले. तुम्ही घाबरावं म्हणून मी हे लिहिलं नाही. तुमचे ते दिवस वाया जाऊ नयेत एवढीच इच्छा आहे.

शुक्रतारा:

कॉन्टॅक्ट लेन्सचा मुद्दा रास्त आहे. २००५-०६ मध्ये अनेक देशांत लेन्स वापरणाऱ्यांना फ्युजॅरियमचाच संसर्ग झाला होता, आणि लेन्स ठेवायचं एक द्रावण मे २००६ मध्ये जगभरातून परत घ्यावं लागलं. म्हणजे बुरशी काही लासिकची वाट पाहत बसलेली नसते. बुबुळाला बुरशी लागण्याच्या घटना जगभरात दर वर्षी दहा लाखांच्या वर असाव्यात असा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यातल्या बहुसंख्यांचा लासिकशी काही संबंध नाही. झाडपाल्याचा, कुसाचा, मातीचा मार हे मोठं कारण.

लासिकनंतरच्या संसर्गाचं एक ढोबळ वेळापत्रक आम्ही डोक्यात ठेवतो. पहिल्या दोन आठवड्यांत दिसला तर बहुधा नेहमीचे जिवाणू. त्यानंतर दिसला तर बुरशी, नोकार्डिया नावाचे जिवाणू आणि क्षयाच्या जंतूंचे, नेहमीच्या जिवाणूंपेक्षा संथ वाढणारे भाऊबंद, ज्यांना अटिपिकल मायकोबॅक्टेरिया म्हणतात. आणि कवडसाताईंसारखं वर्षांनी झालं तर नवा ओरखडा, लेन्सचा वापर, पुन्हा उचललेला फ्लॅप किंवा बरेच दिवस चाललेलं स्टिरॉइड, यांपैकी काहीतरी मागे सापडतं.

काचपट्टी:

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, डोळ्याचे नमुने रोज हाताखालून जातात. थोडं आमच्या बाजूचं सांगते.

बुबुळावरून खरवडलेला नमुना म्हणजे किती? सुईच्या टोकावर मावेल एवढा. त्यातच सगळ्या तपासण्या बसवायच्या असतात. एक भाग काचपट्टीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. त्याने पेशींचा गाळ विरघळून जातो, बुरशीचे धागे तेवढे शिल्लक राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. याचं उत्तर तासाभरातही देता येतं. कॅल्कोफ्लूअर नावाचा रंग असेल तर तेच धागे अतिनील उजेडात चमकतात. एक भाग जिवाणू ओळखायच्या ग्रॅम रंगासाठी. उशिराचा लासिक संसर्ग असं चिठ्ठीवर लिहिलेलं असेल तर मायकोबॅक्टेरियासाठीचा वेगळा रंगही करतो. उरलेला भाग कल्चरला, बुरशीसाठी साबुरो नावाच्या माध्यमावर.

आता कळकळीने एक सांगते. चिठ्ठीवर "लासिक झालेली" हे दोन शब्द नसतील तर आम्हाला काय शोधायचं ते कळत नाही. जिवाणूंच्या प्लेटा काही दिवसांत टाकून दिल्या जातात. बुरशी बहुतेकदा आठवड्याच्या आत दिसते, पण कधी दोन-तीन आठवडे लावते. संथ मायकोबॅक्टेरियालाही दमाने घ्यावं लागतं. माहिती असली की आम्ही प्लेटा राखून ठेवतो. आणि शक्य असेल तिथे नमुना आधी, थेंब नंतर. औषध पडल्यावर घेतलेल्या नमुन्यात पुष्कळदा काहीच उगवत नाही आणि मग सगळेच अंधारात चाचपडतात.

या आजाराचं पहिलं वर्णन १८७९ सालचं आहे, थिओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्याचं. मळणी करताना डोळ्यात तूस उडालेला एक शेतकरी, आणि त्याच्या बुबुळात ॲस्परजिलस नावाची बुरशी. कवडसाताईंची काटकी वाचली आणि मला तोच आठवला.

पाणकणीस:

काचपट्टी, शुक्रतारा, धन्यवाद. एक बाळबोध प्रश्न. स्टिरॉइडने लाली उतरली, बरं वाटलं, म्हणजे काहीतरी उपयोग झालाच ना? मग ते इतकं वाईट कसं?

शुक्रतारा:

बाळबोध अजिबात नाही, याच जागी भले भले फसतात. लाली, सूज, दुखणं ही बुरशीची कामं नव्हेत, ती तुमच्या शरीराच्या लढाईची खूण आहे. स्टिरॉइड त्या लढणाऱ्यांनाच गप्प बसवतं. मैदान शांत दिसतं आणि बुरशी निवांत धागे पसरत जाते. त्यामुळे दोन दिवस बरं वाटून मग बिघडलं हे वर्णन ऐकलं की आमच्या मनात बुरशीची शंका येतेच.

लासिकच्या बाबतीत आणखी एक गोंधळ असतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत फ्लॅपखाली वाळू पसरल्यासारखी बारीक पांढरी कणी दिसू शकते. तिला डीएलके म्हणतात. ती संसर्गाशिवाय येणारी सूज आहे आणि तिच्यावर स्टिरॉइडच द्यावं लागतं. पण तसंच काहीतरी आठवड्यानंतर पहिल्यांदा दिसलं, एकाच जागी गोळा झालेलं असलं, किंवा स्टिरॉइड देऊनही वाढत गेलं, तर फ्लॅप उचलून नमुना घ्यायला हवा.

ओलीवाट:

हे माझ्या भावाबाबत झालंय. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या आठवड्यात डोळ्यात धूसर ठिपके दिसले. सूज आहे म्हणून स्टिरॉइड वाढवलं, कमी झालं, थांबवलं की परत. असं तीन वेळा. शेवटी दुसरीकडे फ्लॅप उचलला, त्यात बुरशी नव्हती, ते वर लिहिलेले मायकोबॅक्टेरिया निघाले. सहा महिने औषध चाललं. आज चांगलं दिसतं त्याला, पण त्या सहा महिन्यांत घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

झुळूक:

माझं फ्लॅपचं नाही, स्माइल झालंय. धाकट्या बहिणीचं पीआरके. दोन्ही नंबर घालवायच्याच लेझर शस्त्रक्रिया. आम्हाला हे लागू आहे का? आणि २०२१ मध्ये गाजलेली काळी बुरशी ती हीच का?

शुक्रतारा:

काळी बुरशी वेगळी. ती म्हणजे म्युकरमायकोसिस, तो नाकाच्या पोकळ्यांतून डोळ्याच्या खोबणीकडे सरकतो, मधुमेह आणि स्टिरॉइडच्या मोठ्या डोसांमध्ये. इथे आपण बुबुळाच्या पडद्याबद्दल बोलतोय, बाहेरून आत शिरलेल्या बुरशीबद्दल.

पीआरकेमध्ये फ्लॅप नसतोच. वरची कातडी काढतात, लेझर देतात, कातडी परत वाढते. पहिले काही दिवस जपावं लागतं, नंतर असं पाकीट राहत नाही. स्माइलमध्ये दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून आतली चकती काढतात. पाकीट असतं, पण त्याचं तोंड लहान. धोका कमी असावा असं रचनेवरून वाटतं, तरी तिथेही संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. लाल डोळ्याने दवाखान्यात गेलात की "स्माइल झालंय" हे आधी सांगा.

पाणकणीस:

कवडसाताई, उपचारांबद्दल थोडं सांगाल का? म्हणजे घरी नेमकं कसं निभावलंत?

कवडसा:

सांगते. हा भाग मला सगळ्यात जास्त लिहायचा होता, पण आधी धीर होत नव्हता.

मुख्य औषध नॅटामायसिनचे ५ टक्क्यांचे थेंब. दुधासारखं पांढरं असतं, तळाला बसतं, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. पहिल्याच दिवशी मी न हलवता घातलं होतं, म्हणजे वरचं पाणीच घातलं. ते डोळ्यात साचून पापण्यांवर पांढरे पापुद्रे धरतात. पहिल्यांदा मला वाटलं बुरशी बाहेर आली, रात्री दोनला रडत फोन केला. ते औषधच होतं. दुसरे थेंब व्होरिकोनॅझोलचे. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं.

पहिले पाच दिवस तासातासाला, चोवीस तास. घड्याळाचे गजर लावले होते. रात्रीचे थेंब नवरा घालायचा, दिवसाचे बाबा. ज्यांच्या बाटलीतलं औषध मी घातलं होतं, तेच बाबा. त्यांनी एकदाही विषय काढला नाही. थेंब घालताना त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ते डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे.

सुरुवातीला डॉक्टर दिवसाआड डागाचा फोटो घ्यायचे आणि मोजायचे. दुसऱ्या आठवड्यात तो वाढायचा थांबला पण कमीही होईना. तेव्हा कळलं की बुरशीच्या बाबतीत "वाढत नाहीये" हीच मोठी बातमी असते. कडा पिसासारख्या फिस्कटलेल्या होत्या, त्या हळूहळू बोथट झाल्या. त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा हसले.

शुक्रतारा:

कवडसाताईंनी लिहिलेलं सगळं तंतोतंत आहे. भर एवढीच की नॅटामायसिन जुनं औषध आहे, पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२३ रुग्णांच्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं, आणि फ्युजॅरियममध्ये तर फरक फारच ठळक होता. त्याची उणीव म्हणजे ते खोल झिरपत नाही. फ्लॅप असताना तर नाहीच. म्हणून फ्लॅप उचलणं, धुणं, आत इंजेक्शन देणं आणि वेळप्रसंगी फ्लॅपचा बळी देणं हे सगळं करावं लागतं. फ्लॅप गेला म्हणजे डोळा गेला असं नाही. बऱ्याचदा तो काढल्यावरच औषध पोचायला लागतं. एवढं करूनही बुरशी आवरली नाही तर नेत्रदात्याचं बुबुळ बसवावं लागतं, आणि बुरशी त्यातही परत येऊ शकते. म्हणून आम्ही आधी ती मारायचा आटापिटा करतो.

डोंगरवाट:

मी वर जे लिहिलं ते जरा घाईत लिहिलं. काल घरातलं औषधाचं कपाट उघडलं. अर्धवट वापरलेल्या थेंबांच्या तीन बाटल्या निघाल्या, दोनवर नाव वाचून शोधलं तर दोन्हींत स्टिरॉइड. टाकून दिल्या. लासिकचे कागद मात्र सापडत नाहीयेत. ते लागतात का इतक्या वर्षांनी?

शुक्रतारा:

लागतात. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे नोंदी मागून पाहा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना लासिक झालेल्या डोळ्यात नेहमीचं गणित चुकतं, जुने आकडे असले तर मदत होते. कॉर्निया पातळ झाल्याने डोळ्याचा दाबही यंत्रावर असतो त्यापेक्षा कमी दिसतो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. नेत्रदानाच्या अर्जावरही लासिकची नोंद करा. असं बुबुळ पूर्ण जाडीच्या रोपणाला सहसा वापरत नाहीत, पण आतल्या थराच्या रोपणाला उपयोगी पडू शकतं.

काचपट्टी:

डोंगरवाट, तुम्ही परत येऊन हे लिहिलंत, खूप बरं वाटलं.

झुळूक:

बागकाम पूर्ण बंद केलंत का ताई?

कवडसा:

नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा सुरू केलं. बाजूने बंद असलेला संरक्षक चष्मा घालते, साध्या चष्म्याच्या कडेने काटकी येतेच. मोबाइलच्या पहिल्या पानावर आणि पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवलंय: दोन्ही डोळे लासिक, डाव्याचा फ्लॅप काढलेला.

काल स्क्लेरल लेन्सची चाचणी झाली. मोठी, कडक लेन्स असते, बुबुळाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि मधल्या पाण्याने खडबडीत पृष्ठभाग झाकून टाकते. फूल आहे तिथेच आहे, पण आकाराचा वेडेवाकडेपणा झाकला गेला. तीन वेळा घालताना निसटली. चौथ्यांदा बसली आणि उजवा डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला. ६/१२ ची ओळ वाचली, शेवटचं अक्षर चुकलं. बाबा मागे खुर्चीवर बसले होते. त्यांनी ते अक्षर हळूच पुटपुटलं, आणि तपासणाऱ्या मुलीने त्यांना गप्प बसायला सांगितलं.